सिंह मोकळे, आपण गाडीत : सहलीआधी वाचायचा पाठ



आपल्या वर्गाची यंदाची सहल वोबर्न सफारी पार्कला जाणार आहे हे सर्वांना ठाऊक आहेच. सहलीआधीच्या अंकात या विषयावर एक पाठ असावा अशी बाईंनी सूचना केली आणि ते काम माझ्याकडे आले. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर. प्राणिशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरता. त्यामुळे या पाठात प्राण्यांच्या जोडीला फाटके, हिशेब आणि कॉम्प्युटरचा बॅकअपही डोकावेल, तेवढे गोड मानून घ्यावे.

पाठाचे पाच भाग आहेत. लहान गटाने पहिला, दुसरा आणि पाचवा भाग आईबाबांकडून वाचून घ्यावा. मोठ्या गटाने सगळे वाचावेत. तिसरा आणि चौथा भाग पालकांनीही वगळू नये. शेवटी शब्दसंग्रह आणि स्वाध्याय आहे.

१. पिंजऱ्यापासून माळापर्यंत

वाघसिंह बाळगणे ही फार पूर्वी राजेरजवाड्यांची हौस होती. लंडनच्या टॉवरमध्ये तेराव्या शतकापासून राजाची जनावरे असत. १८२६ साली झूलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन स्थापन झाली आणि १८२८ मध्ये रीजंट्स पार्कात तिचे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. प्राण्यांचा अभ्यास हा त्यामागचा हेतू. आधी फक्त सभासदांना आत सोडत. तुमच्याआमच्यासारख्यांना पैसे भरून आत जाता येऊ लागले ते १८४७ पासून.

आपल्याकडेही ही कल्पना लवकर पोचली. मुंबईत भायखळ्याला १८६० च्या दशकात बाग झाली. तिचे नाव आज जिजामाता उद्यान असले तरी मुंबईकरांच्या तोंडी ती अजून राणीची बागच. बडोद्याला सयाजीबाग १८७९ ची. पुणेकर पालकांना पेशवे पार्क आणि तिथली फुलराणी आठवत असेल. तिथले प्राणी पुढे कात्रजच्या मोठ्या जागेत गेले आणि १९९९ पासून ते प्राणिसंग्रहालय लोकांना खुले झाले. यंदा सुट्टीत भारतात जाल तेव्हा आजीआजोबांना विचारा, "तुम्ही लहानपणी पाहिलेला वाघ कसा राहत होता?" बहुतेकांचे उत्तर एकच येईल : सिमेंटची जमीन, लोखंडी गज आणि गजांमागे फेऱ्या घालणारा वाघ.

गज काढून टाकण्याची युक्ती जर्मनीतल्या कार्ल हागेनबेक यांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. हॅम्बुर्गजवळ १९०७ साली त्यांनी प्राणिसंग्रहालय उघडले. त्यात प्राणी आणि माणसे यांच्यामध्ये गजांऐवजी खोल खंदक होते. लांबून पाहणाऱ्याला खंदक दिसत नसे. सिंह जणू मोकळा उभा आहे असेच वाटे. इंग्लंडमध्ये १९३१ साली बेडफर्डशरच्या टेकड्यांवर व्हिप्सनेड सुरू झाले. तिथे जागा सुमारे ६०० एकर, म्हणजे कळपाने राहणाऱ्या प्राण्यांना कळपाने राहण्याइतकी.

१९६६ साली विल्टशरमधल्या लाँगलीटला एक उलटाच प्रयोग झाला. तिथले जमीनदार मार्क्विस ऑफ बाथ आणि सर्कसवाले जिमी चिपरफील्ड यांनी सिंह मोकळे सोडले आणि माणसांना बंद केले, त्यांच्या स्वतःच्याच गाड्यांमध्ये! आफ्रिकेबाहेरचे हे पहिले गाडीतून पाहायचे सफारी पार्क. सिंह निसटले तर काय, या भीतीने तेव्हा पुष्कळ आरडाओरडा झाला, पण लोकांनी रांगा लावल्या. १९७० साली वोबर्न, १९७१ साली नोझ्ली आणि १९७३ साली वेस्ट मिडलंड अशी पार्के पाठोपाठ निघाली. लेगोलँडला गेलेल्या मुलांसाठी एक गंमत : विंडसरच्या त्या जागेवर १९९२ पर्यंत सफारी पार्कच होते.

२. दोन फाटकांचे गणित

सिंहांच्या भागात शिरताना एक गोष्ट नीट पाहा. तिथे फाटके दोन असतात, एकामागे एक, आणि मध्ये काही गाड्या मावतील एवढी जागा. पहिले फाटक उघडते, गाड्या मधल्या जागेत येतात, पहिले फाटक बंद होते आणि मगच दुसरे उघडते. दोन्ही फाटके एकाच वेळी कधीही उघडी राहू द्यायची नाहीत, एवढा एकच नियम.

इंजिनियरला ही रचना फार आवडते. दोन फाटकांच्या मिळून चार अवस्था होऊ शकतात. दोन्ही बंद, फक्त पहिले उघडे, फक्त दुसरे उघडे आणि दोन्ही उघडी. पहिल्या तीन चालतील, चौथी मात्र मुळीच नाही. एखादा सिंह दुसऱ्या फाटकातून मधल्या जागेत आला तरी तो तिथेच अडकतो, रस्त्यावर येत नाही. पाणबुडीतून बाहेर पडायच्या खोलीत किंवा अंतराळयानात हेच तत्त्व असते. एक चूक झाली तरी अनर्थ होऊ नये, यासाठी दोन चुका एकदम झाल्याशिवाय अनर्थ होणारच नाही अशी सोय करून ठेवायची.

पण या साखळीत आणखी एक दार असते आणि ते आपल्या ताब्यात असते. ते म्हणजे आपल्या गाडीचे दार. चीनमध्ये बीजिंगजवळच्या बादालिंग इथल्या पार्कमध्ये २०१६ साली एक बाई वाघांच्या भागात गाडीतून खाली उतरली. वाघाने तिच्यावर झडप घातली. ती वाचली, पण तिला सोडवायला धावलेली तिची आई प्राणाला मुकली. फाटके चोख होती. उघडले ते गाडीचे दार.

मग बंद गाडीवर सिंह धावून का येत नाहीत? त्यांनी रोज शेकडो गाड्या पाहिलेल्या असतात. गाडी खायची वस्तू नाही आणि तिच्यापासून त्रासही होत नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. खिडकीतून हात किंवा डोके बाहेर आले, की मात्र ते निराळेच काहीतरी होते. आपल्याकडे म्हणतात ना, वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो! तेव्हा सिंह कितीही गोजिरवाणा दिसला तरी काच वर ती वरच.

माकडांची गोष्ट वेगळी. त्यांना गाडी म्हणजे खेळणे वाटते. वायपर, एरियल, आरशांच्या कडा, जे हाती लागेल ते ओढायचे. नोझ्लीच्या बबून माकडांची ख्याती एवढी, की ज्यांना आपली गाडी प्रिय आहे त्यांच्यासाठी वेगळा रस्ता ठेवलेला आहे. माकडाच्या हाती कोलीत म्हणजे काय, याचा प्रात्यक्षिकासह धडा तिथे मिळतो.

३. "पण प्राण्यांना विचारलंत का?"

सहलीचे ठिकाण ठरत होते तेव्हा मधल्या गटातल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला. आम्ही मोठी माणसे हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्राण्यांना असे कोंडणे बरोबर नाही म्हणून दोन कुटुंबे सहलीला येणार नाहीत. त्यांचे म्हणणे आधी नीट समजून घेऊ.

ध्रुवीय अस्वल रानात अफाट प्रदेशात हिंडते. २००३ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अस्वलाला रानात कमीत कमी जेवढा मुलूख लागतो, त्याच्या सुमारे दहा लाखांश जागा त्याला प्राणिसंग्रहालयात मिळते, असे त्यात दाखवले होते. ज्या प्राण्यांना रानात दूरदूर भटकायची सवय, तेच पिंजऱ्यात जास्त येरझाऱ्या घालतात आणि त्यांची पिल्ले जास्त दगावतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

हत्तींचे आकडे आणखी बोलके आहेत. 'सायन्स' नियतकालिकात २००८ साली युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या हत्तिणींचा अभ्यास आला. तिथे जन्मलेल्या आफ्रिकन हत्तिणींचे मध्यम आयुष्य १६.९ वर्षे निघाले. केनियातल्या अंबोसेलीच्या रानात नैसर्गिक मरण येणाऱ्या हत्तिणींचे ५६ वर्षे. आशियाई हत्तिणींचे प्राणिसंग्रहालयात १८.९, तर म्यानमारमध्ये लाकूड ओढण्याचे काम करणाऱ्यांचे ४१.७. ओझी ओढणाऱ्या हत्तिणी बसून खाणाऱ्यांपेक्षा दुपटीने जगल्या! मध्यम आयुष्य म्हणजे काय, हे मोठ्या गटाला शाळेत शिकवले असेलच. सगळ्यांची वये चढत्या क्रमाने मांडली की बरोबर मधले येते ते. ही माहिती पूर्वीच्या दशकांतली असून त्यानंतर हत्तींच्या जागा आणि खाणेपिणे पुष्कळ सुधारले, हेही सांगायला हवे. तरी आकडे विसरण्याजोगे नाहीत.

निष्काळजीपणाचीही उदाहरणे आहेत. या देशात प्राणिसंग्रहालय चालवायला १९८१ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि तपासनीस येऊन पाहणी करतात. तरीही कुंब्रियातल्या एका प्राणिसंग्रहालयात २०१३ ते २०१६ या काळात जवळजवळ ५०० प्राणी मेले. २०१७ साली तिथल्या मालकाला परवाना नाकारण्यात आला.

आता दुसरी बाजू.

आमच्या धंद्यात बॅकअप हा शब्द रोज ऐकू येतो. कॉम्प्युटर बिघडला तर माहिती नाहीशी होऊ नये म्हणून तिची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवतात. चांगले प्राणिसंग्रहालय म्हणजे एखाद्या जातीचा असाच बॅकअप. त्याचे सर्वांत नवलाचे उदाहरण वोबर्नलाच, सफारी पार्काला लागून असलेल्या हरणांच्या बागेत आहे.

चीनमध्ये मीलू नावाचे एक हरीण होते. चिनी लोक म्हणत, याचे खूर गाईसारखे पण ही गाय नव्हे, शिंगे सांबरासारखी पण हे सांबर नव्हे, मान उंटासारखी पण हा उंट नव्हे, शेपूट गाढवासारखे पण हे गाढव नव्हे. रानातून ते केव्हाच नाहीसे झाले होते आणि फक्त बीजिंगजवळच्या बादशाही शिकारखान्यात एक कळप उरला होता. १८६५ साली आर्मां डेव्हिड या फ्रेंच पाद्र्याने तो भिंतीपलीकडून पाहिला आणि त्याच्यामुळे युरोपला या प्राण्याची ओळख झाली. काही हरणे युरोपात आणली गेली. पुढे पुराने शिकारखान्याची भिंत फुटली, बरीच हरणे पळाली आणि भुकेल्या लोकांनी ती मारून खाल्ली. उरलेली १९०० सालच्या बंडाळीत संपली. चीनमध्ये एकही मीलू राहिले नाही.

त्या वेळी अकराव्या ड्यूक ऑफ बेडफर्डनी युरोपभरच्या प्राणिसंग्रहालयांतून १८ हरणे वोबर्नला गोळा केली. आज जगात जेवढी मीलू हरणे आहेत ती सगळी त्या कळपाची लेकरे. पण महायुद्धांच्या काळात सारा जीव टांगणीला होता. एकुलता एक कळप, त्यावर बाँब पडला किंवा खायला चारा उरला नाही, तर खेळ खलास. ही गोष्ट ध्यानात आल्यावर हरणे व्हिप्सनेडला आणि इतरत्र वाटून ठेवण्यात आली. आणि १९८५ साली वोबर्नची हरणे विमानाने बीजिंगला, त्याच जुन्या शिकारखान्याच्या जागी परत गेली.

आफ्रिकेतल्या वाळवंटात वक्र, लांब शिंगांचा पांढरा ओरिक्स राहत असे. २००० साली तो रानातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. प्राणिसंग्रहालयांत वाढलेले ओरिक्स २०१६ पासून चाड देशात सोडले गेले. तिथे त्यांना पिल्ले झाली आणि २०२३ मध्ये 'रानातून नष्ट' हा शिक्का पुसला गेला. आसाममधल्या गवताळ रानात राहणाऱ्या इवल्याशा पिग्मी डुकराचीही अशीच गोष्ट. त्या कामात जर्सी बेटावरची, जेराल्ड ड्युरेल यांनी काढलेली संस्था आहे. हे ड्युरेलसाहेब जन्मले आपल्या जमशेदपूरला, १९२५ साली.

पण बॅकअपचा एक नियम सगळे इंजिनियर जाणतात. बॅकअप घेतला आणि तो परत लावून कधी पाहिलाच नाही, तर तो असून नसल्यासारखा. मीलूचा परत लावता आला, ओरिक्सचाही. मग पार्कातल्या प्रत्येक प्राण्यासमोर आपण विचारू शकतो : हा कशाचा बॅकअप आहे? तो परत जाणार आहे का? यातले काही प्राणी खरोखरच ठेवा असतात. काही केवळ लोकांना आवडतात म्हणून असतात. पांढऱ्या वाघांचेच पाहा. ती वेगळी जात नाही. १९५१ साली रेव्याच्या जंगलात सापडलेल्या मोहन नावाच्या एका बछड्यापासून बहुतेक पांढरे वाघ निपजले. रंग टिकवायला जवळच्या नात्यातच जोड्या लावल्या गेल्या आणि पिल्लांमध्ये तिरळेपणासारखे दोष आले. त्यांना रानात परत पाठवण्याचा कोणाचाच बेत नाही.

तेव्हा "प्राणिसंग्रहालय चांगले की वाईट?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कोणते प्राणिसंग्रहालय आणि कोणता प्राणी, हे सांगा, मग बोलता येईल. माझे स्वतःचे मत विचाराल तर मीलू आणि ओरिक्स यांच्यासाठी मी आनंदाने तिकीट काढीन. ध्रुवीय अस्वल पाहायला काढणार नाही. ज्या दोन कुटुंबांना यायचे नाही त्यांचा निर्णय मला हट्टाचा वाटत नाही. त्यांच्या मुलांनी पुढच्या वर्गात आपली बाजू मांडावी, त्यासाठी बाईंनी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत.

४. गीरचे सिंह, लंडनचा पत्ता

आशियाई सिंह एके काळी तुर्कस्तान, इराणपासून आपल्या उत्तर हिंदुस्थानापर्यंत पसरलेले होते. शिकारीने त्यांची वाट लावली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते फक्त काठेवाडात, गीरच्या जंगलात उरले. जुनागढच्या नवाबांनी शिकारीला आळा घातला म्हणून वाचले. गणनेत २०१५ साली ५२३, २०२० साली ६७४ आणि २०२५ साली ८९१ सिंह भरले. आनंदाचीच गोष्ट. पण मीलूची कथा आठवा. आशियाई सिंहांची जवळजवळ सगळी वस्ती एकाच प्रदेशात आहे. २०१८ साली गीरच्या एका भागात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. त्यांतल्या काहींमध्ये कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचे विषाणू सापडले. साथ पसरली असती तर?

म्हणून काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनो इथे न्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. ते झाले नाही. कुनोला २०२२ साली नामिबियातून चित्ते आले. सिंह मात्र गुजरातेतच आहेत. त्यांतले काही आपल्या पायांनी शेजारच्या बरडा अभयारण्यात पोचले, तेवढाच दिलासा.

अशा वेळी भारताबाहेरच्या प्राणिसंग्रहालयांतले आशियाई सिंह महत्त्वाचे ठरतात. त्यांच्यासाठी वंशावळीची नोंदवही असते. कोण कोणाचा बाप, कोणाची आई, सगळे लिहिलेले. जोडी जमवताना जवळचे नाते टाळतात. आपल्याकडे लग्न जमवताना गोत्र विचारतात ना, तसेच! पण नोंदच चुकीची असेल तर? अमेरिकेत हेच घडले. १९८० च्या दशकात रक्ततपासणी केली तेव्हा कळले, की तिथल्या 'आशियाई' सिंहांच्या मूळ पूर्वजांत आफ्रिकन रक्ताचे सिंह मिसळलेले होते. सगळी पैदास निरुपयोगी ठरली आणि कार्यक्रम गुंडाळावा लागला. युरोपने १९९० च्या दशकात जुनागढच्या सक्करबागेतले खात्रीचे सिंह आणून नव्याने सुरुवात केली. बॅकअप घेताना मूळ माहिती तपासून घ्या, हे आम्ही नव्या लोकांना सांगून थकतो. सिंहांनाही तोच नियम लागू!

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात २०१६ पासून या सिंहांसाठी सासण गीरच्या धर्तीवर जागा केली आहे, अगदी रेल्वे स्टेशनाच्या देखाव्यासह. सफारी पार्कांत बहुधा आफ्रिकन सिंह असतात. दोघांतला फरक ओळखणे सोपे आहे. आशियाई सिंहाच्या पोटाखाली कातडीची लांबट घडी लोंबते. त्याची डोक्यावरची आयाळ आखूड असते, त्यामुळे कान स्पष्ट दिसतात. आफ्रिकन सिंहाचे कान भरघोस आयाळीत बरेचसे लपतात. सहलीला दुर्बीण आणा आणि कान शोधा.

५. पाहायचे कसे?

सिंह दिवसाकाठी वीस तासांपर्यंत झोपतो. म्हणून "ए, ऊठ ना!" असे ओरडून उपयोग नाही. मोठ्या गटासाठी हिशेब : सिंह २४ पैकी ४ तास जागा, म्हणजे आपण जाऊ त्या क्षणी तो जागा असण्याची शक्यता सहात एक. पाच सिंह असतील आणि प्रत्येक आपापल्या मर्जीने झोपत असेल, तर पाचही झोपलेले असण्याची शक्यता पाच षष्ठांशाचा पाचवा घात, सुमारे ४० टक्के. म्हणजे ६० टक्के वेळा निदान एक तरी जागा दिसायला हवा. प्रत्यक्षात एवढे नशीब लाभत नाही. का बरे? कारण सिंह कुटुंबाने झोपतात. एक झोपला की बाकीचेही आडवे. गणित बरोबर असले तरी त्यातले गृहीत चुकले, की उत्तर चुकते.

पायी पाहायच्या भागात प्रत्येकाने एकच प्राणी निवडावा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटे शांत उभे राहावे. दर अर्ध्या मिनिटाने प्राणी त्या क्षणी काय करतो आहे ते पाहून पुढीलपैकी एका ओळीत एक रेघ मारावी. एकूण वीस रेघा होतील.

झोप किंवा विश्रांती
खाणे-पिणे
फिरणे, हुंगणे, शोध घेणे
दुसऱ्या प्राण्याशी खेळ, भांडण, चाटणे
एकाच वाटेवर त्याच त्या येरझाऱ्या, किंवा जागच्या जागी डुलणे
दिसत नाही, आडोशाला गेला

प्राण्यांचे शास्त्रज्ञही साधारण असेच करतात. पाचव्या ओळीत पुष्कळ रेघा आल्या तर प्राणी कंटाळलेला किंवा बेचैन असू शकतो. पण लगेच निकाल देऊ नका. खाण्याची वेळ जवळ आली की प्राणी दाराशी घुटमळतात. दुसऱ्या गटाने तोच प्राणी दुपारी पाहावा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. आणि सहाव्या ओळीत रेघा आल्या म्हणून हिरमुसू नका. हवे तेव्हा लपता येते ही त्या प्राण्याची चैन आहे. लपायला जागा देणारे प्राणिसंग्रहालय चांगले समजावे.

शब्दसंग्रह

नर, मादी आणि पिल्लू : सिंह, सिंहीण, छावा. वाघ, वाघीण, बछडा. घोडा, घोडी, शिंगरू. रेडा, म्हैस, रेडकू. बोकड, शेळी, करडू. हरणाचे पिल्लू ते पाडस.

आवाज : सिंहाची गर्जना, वाघाची डरकाळी, हत्तीचा चीत्कार, घोड्याचे खिंकाळणे, माकडांचा भुभुःकार, कोल्ह्याची कोल्हेकुई, मोराची केका.

वाघ, बिबट्या आणि चित्ता यांत घोटाळा करू नका. वाघाला पट्टे. बिबट्याला फुलांसारखे ठिपक्यांचे झुबके. चित्त्याला सुटे भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ. इंग्रजीतला 'चीता' हा शब्द आपल्याकडूनच गेलेला आहे. तसेच 'शहामृग' ऐकून हरीण शोधू नका. फारसीत मुर्ग म्हणजे पक्षी.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा. (अ) गाडीतून पाहायचे आफ्रिकेबाहेरचे पहिले सफारी पार्क ______ येथे ______ साली सुरू झाले. (आ) मीलू हरणे ______ साली चीनला परत गेली.
२. दोन फाटकांच्या मध्ये एका वेळी चार गाड्या मावतात आणि एका फेरीला दोन मिनिटे लागतात. तासाभरात किती गाड्या आत जातील? मधली जागा दुप्पट केली आणि फेरीला तीन मिनिटे लागू लागली तर?
३. वाक्यात उपयोग करा : येरझाऱ्या घालणे, जीव टांगणीला लागणे, अंगवळणी पडणे, उंटावरून शेळ्या हाकणे.
४. आजीला किंवा आजोबांना फोन करून त्यांनी पाहिलेल्या पहिल्या प्राणिसंग्रहालयाविषयी विचारा आणि दहा ओळी लिहा. शक्यतो त्यांच्याच शब्दांत.
५. मोठा गट : "हत्तींना प्राणिसंग्रहालयात ठेवावे का?" बाजूने तीन आणि विरुद्ध तीन मुद्दे लिहा. आपले मत शेवटी.

पालकांसाठी चार ओळी

गाडीत पुरेसे पेट्रोल असू द्या किंवा चार्जिंग पुरते करून या. कापडी छपराच्या गाड्या घेता येत नाहीत, तशी गाडी असेल तर आधी कळवा. सिंहांच्या भागात शिरायच्या आधी सर्वांनी, विशेषतः छोट्यांनी आणि पाहुण्या आजीआजोबांनी, स्वच्छतागृहात जाऊन यावे. आत गेल्यावर उतरणे नाही. मागच्या दारांची आणि काचांची मुलांसाठीची कुलुपे लावा. गाडी बंद पडली तर उतरून बॉनेट उघडू नका. हॉर्न वाजवा, दिवे लुकलुकवा आणि काचा वर ठेवून पहारेकऱ्यांच्या गाडीची वाट पाहा. डबे माकडांच्या भागात उघडू नयेत. जेवण सर्वांनी मिळून सहलीच्या हिरवळीवर करायचे आहे. पोहे, ठेपले आणि दहीभात यांची वाटणी बाईंकडे आहे, आपापले नाव पाहून घ्यावे.

रेघा मारलेले कागद पुढच्या वर्गाला न विसरता आणावेत. सगळ्यांचे मिळून एक कोष्टक करू आणि ते पुढच्या अंकात छापू.